पॉइंट्समनचा तक्ता

एकतीस वर्षं भुसावळ यार्डात मी पॉइंट्समन.
कोळशाचा डबा सातव्या लाइनीत जाणार की नवव्या,
ते माझ्या एका ओढीवर.
आता रिटायर. आता दुसरे पॉइंट मांडतो.
जुन्या शंटिंग रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर
पट्टीने रेघा मारल्यात:
खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, गुण.
अकरा संघ. देशातली सगळ्यात वरची लीग.

आमचा संघ कोलकात्याचा.
आमचा, कारण त्याचा तिसरा गोलकीपर
नामदार तडवी, लोको ग्राउंडवरचा पोरगा.
बाप यावलकडचा, केळीच्या ट्रका भरायचा.
सप्टेंबरात दुसऱ्या कीपरचा खांदा निखळला
आणि नामदारला बेंचवर जागा मिळाली.
मुनाफने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

कापूस फुटला तेव्हा लीग सुरू झाली.
पहिला सामना बरोबरी, मी एक लिहिला.
दुसरा हरलो.
शून्य लिहायला मला जड जात नाही,
सिग्नल नाही मिळाला, एवढाच त्याचा अर्थ,
गाडी उभीच आहे.

टीव्हीवर बेंच दिसतो तीन सेकंद.
कॅमेरा मॅनेजरच्या चिडलेल्या तोंडाकडे जातो
तेव्हा वाटेत नामदारचा कान येतो.
डावा. पाळीवर चीर आहे,
आमच्याच ग्राउंडची खडी लागलेली, सहावीत असताना.
त्याची आई सुगराबाई चूल सोडून दारात उभी राहते,
ऑफसाइड तिला कळत नाही, कळून घ्यायचंही नाही.
"दिसला," म्हणते, आणि परत आत.

डिसेंबरात बामणोदची वांगी आली,
पऱ्हाटीवर भाजली, भरीत झालं,
आणि आम्ही ओळीने चार सामने जिंकलो.
तिसरा क्रमांक!
मुनाफ म्हणाला, "वारके काका, कप भुसावळात येऊ राहिला."
मी म्हटलं, आधी आउटरला तर लागू दे.
तो आउटरलाच उभा राहिला.
जानेवारीत दोन बरोबऱ्या, फेब्रुवारीत पाच पराभव,
माझ्या रेघा तशाच सरळ,
आमचं नाव मात्र पानावर खाली खाली उतरत गेलं,
सातव्या ओळीत थांबलं.
सातवा म्हणजे ना कप, ना नामुष्की.
पेपरात सातव्याची बातमी नसते,
नुसता आकडा असतो, बारीक टायपात.

शेवटचा सामना एप्रिलात.
इथे चव्वेचाळीस डिग्री, कूलरमध्ये पाणी संपलेलं,
एक शून्यने आम्ही पुढे.
त्र्याऐंशीव्या मिनिटाला पहिल्या कीपरची पोटरी धरली
आणि बेंचवरची ती खुर्ची
हंगामात पहिल्यांदा रिकामी दिसली.
मुनाफच्या दुकानात कुणी ग्लास खाली ठेवला नाही.
समालोचकाने नाव चुकवलं, टाडवी म्हणाला.
नामदारने हातमोजे दातांनी ओढून घट्ट केले.
दोन गोलकिक. एक पंच.
एक चेंडू सरळ पोटात आला, तो त्याने असा कवटाळला
की रेफरीला शिट्टी वाजवावीशी वाटली असेल.
मग आमच्याच स्टॉपरच्या डोक्याला लागून
चेंडू वळला,
आणि वळलेल्या गाडीला कोण अडवतं?
एक एक. सगळी मिळून अकरा मिनिटं.
जिंकलो असतो तर सहावे आलो असतो.
मी एक लिहिला.

मे महिन्यात तो घरी आला.
संध्याकाळी रजिस्टर मागितलं,
ओळीवरून बोट फिरवत खाली आला.
अकरा संघांच्या खाली बारावी ओळ आहे,
सुगराबाईने सांगितली, मी लिहिली:
डावा कान चौदा वेळा, उजवा तीन,
पूर्ण चेहरा एक.

तो बराच वेळ त्या एकाकडे बघत राहिला.
"काका, हा तर गोल खाल्ल्यावरचा."

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला.
"मंग?" सुगराबाई म्हणाली,
"दिसला का नाही?"